कुदेल्काची टबातली लागर

बिअर करणाऱ्याने गप्प राहावं आणि पिणाऱ्याने तिच्यातल्या उणिवा सांगाव्यात, या श्रमविभागणीवर कोणत्याही सुसंस्कृत गावाची शांतता उभी असते. ती मोडली की पुढे काय काय होतं, याचा अंदाज शासनालाही येत नाही.

दक्षिण बोहेमियातलं, तळ्यांच्या मधोमध वसलेलं ल्होतका हे गाव या बाबतीत अगदी आदर्श होतं. गावात बिअरचे जाणकार शंभरात एकशे चार (सुटीला आलेले जावई धरून), आणि बिअर करणारे शून्य. बिअर बाहेरून पिंपांत भरून यायची. द्राहोश पेशेक ती आपल्या पबात नळाने ग्लासात सोडायचा, आणि उरलेलं गाव ती कशी असायला हवी होती हे एकमेकांना समजावून सांगायचं. या कामात कोणी सुटी घेतल्याचं ऐकिवात नाही.

पेशेकच्या पबात शेगडीशेजारी एक लांबट टेबल होतं. त्यावर नेहमीची मंडळी बसत. तिथल्या खुर्च्यांवर कुणाचं नाव लिहिलेलं नव्हतं, पण चुकून परगावचा कोणी बसलाच तर पेशेक त्याच्याकडे इतक्या शांतपणे बघायचा की तो माणूस स्वतःहून उठून कोट घालायचा. शेगडीकडून दुसरी खुर्ची ओताकार कुदेल्काची. तिथून नळ दिसायचा, दार दिसायचं आणि पाठीला ऊब लागायची. कुदेल्का हा निवृत्त उद्वाहन निरीक्षक (म्हणजे लिफ्ट तपासणारा). उभ्या जिल्ह्यातल्या लिफ्टमधून वरखाली करण्यात त्याचा जन्म गेला होता. निवृत्त झाल्यावर त्याच्या हिशेबाने तीन गोष्टी उरल्या: बायको, गुडघे आणि खुर्ची. पैकी पहिल्या दोन त्याचं ऐकत नसत.

टेबलाचे नियम फार नव्हते. सरकारला, हवेला, डॉक्टरांना आणि मुलांच्या संसारांना नावं ठेवायला पूर्ण मुभा होती. बिअरलाही होती, फक्त परक्यांसमोर नाही. आणि बिअर अगदी उत्तम असेल तर "पिता येते" एवढंच म्हणायचं. याहून जास्त स्तुती केलेली ल्होतकात संशयास्पद मानतात. तसं करणाऱ्याला बहुधा उसनं काहीतरी हवं असतं.

नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी शेजारच्या तालुक्यातले दोन पाहुणे पबात बसले होते आणि कुदेल्काने, गुडघा दुखत होता म्हणून म्हणा किंवा कसंही, ग्लास उजेडाकडे धरून मोठ्याने म्हटलं, "ही बिअर आहे की बिअरच्या नावावर कोणी पाणी पाठवलंय?"

पाहुणे हसले. तेच नडलं. पेशेक आला आणि त्याने कुदेल्कासमोरचा अर्धा भरलेला ग्लास उचलला. अर्धा भरलेला ग्लास टेबलावरून परत गेल्याची ल्होतकाच्या इतिहासात ही पहिलीच नोंद. (दोन महायुद्धांत असं झालं नव्हतं.)

"कुदेल्का," पेशेक म्हणाला, "आयुष्यभर तू लिफ्टचं बटण दाबलंस. बिअरमधलं तुला काय कळतं?"

"तुझ्याहून जास्त. घरच्या स्वयंपाकघरात लागर करीन, आणि तू स्वतः ग्लास रिकामा करून दुसऱ्यासाठी पुढे सरकवशील."

खरं म्हणजे इथे कोणीतरी खोकायला हवं होतं, विषय निघून गेला असता. पण कोणी खोकलं नाही. सगळ्यांना उत्सुकता होती. पेशेकने फडका खांद्यावर टाकला आणि निर्णय दिला. मासोपुस्तपर्यंत, म्हणजे उपवासाचे दिवस लागण्याआधीच्या शेवटच्या मेजवानीपर्यंत, कुदेल्काची खुर्ची रिकामी राहील. तोवर त्याने लागर (गारठ्यात सावकाश मुरणारी बिअर) करून पाजावी. पेशेकने दुसरा ग्लास मागितला तर खुर्ची त्याची. नाही तर ती डॉक्टर मुद्रोख यांना मिळेल. डॉक्टर मुद्रोख हे निवृत्त दंतवैद्य. पित्ताशयाच्या तक्रारीमुळे पबात बसून पुदिन्याचा चहा पीत आणि चार वर्षं दाराजवळच्या वाऱ्यात टेबलाकडे बघत ताटकळत होते.

चहा! कुदेल्का घरी गेला तो तोंडात मारल्यासारखा. त्याच्या खुर्चीवर, त्याच्या उबेत, चहा.

लागर घरी करण्यासाठी लागणारं साहित्य कोणत्याही चेक घरात असतंच, फक्त ते दुसऱ्या कामात गुंतलेलं असतं. जर्दाळूच्या बरण्या उकळायचं मोठं पातेलं. खसखस दळायची हातचक्की. पडद्याचं जुनं कापड, गाळायला. कधी रंग न भरलेली, झाकणाची बादली. एक तापमापक (कुदेल्काकडे नातवंडांच्या तापाचा होता, तो बेचाळीसच्या वर जात नाही हे लक्षात आल्यावर दुसरा आणला). आणि एक बायको, जी हे सगळं परत जागेवर कधी जाणार असं विचारील.

ज्ञानाची मात्र अडचण झाली. चाळीस वर्षं टेबलावर ऐकलेलं सगळं बिअरशास्त्र कुदेल्काने आठवून पाहिलं, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की त्यातलं निम्मं उरलेल्या निम्म्याच्या विरुद्ध आहे. शेवटी त्याने यीस्टच्या पाकिटावर छापलेलं वाचलं. त्यावर होतं: स्वच्छ ठेवा, थंड ठेवा, हात लावू नका. तिन्ही गोष्टी ल्होतकाच्या स्वभावात न बसणाऱ्या.

पण त्याने केलं. मोड आणून वाळवलेले सातू खसखशीच्या चक्कीतून भरडले (त्या वर्षीच्या खसखशीच्या केकला सातूचा वास होता आणि त्याची बायको राद्मिला हिची बहीण व्लास्ता तो कोणता नवा प्रकार म्हणून विचारून गेली). ते गरम पाण्यात कालवले. मग जुन्या बोहेमियन रीतीप्रमाणे त्यातला एक भाग दुसऱ्या भांड्यात काढून उकळला आणि परत ओतला, पुन्हा काढला, पुन्हा उकळला, पुन्हा ओतला. असं का करतात हे कुदेल्काला ठाऊक नव्हतं. पण काढायचं, तापवायचं आणि होतं तिथेच परत आणून ठेवायचं ही पद्धत त्याला खात्यातल्या नोकरीमुळे ओळखीची वाटली. गाळून झाल्यावर बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्स वेलीच्या हिरव्या कळ्या टाकून पुन्हा उकळलं. घरभर तो कडवट, गवतासारखा वास पसरला तसं राद्मिलाने थंडीतही सगळ्या खिडक्या उघडल्या.

"ओता, खरं सांग, हे एका खुर्चीसाठी चाललंय?"

"खुर्चीसाठी नाही. तत्त्वासाठी."

"तुझं तत्त्व ना, शेगडीकडून दुसरं आहे," राद्मिला म्हणाली आणि पातेलं घासायला घेतलं.

यानंतरचा टप्पा म्हणजे लागरचा खरा स्वभाव. इतर बिअरचं यीस्ट वरवर, उबेत, दंगा करत काम उरकतं. लागरचं यीस्ट तळाशी बसतं, गारठ्यात बसतं, कोणाला न दिसता सावकाश काम करतं, आणि घाई केली किंवा खोली गरम केली की रागावून वास सोडतं. वरिष्ठ श्रेणीतला कारकूनच तो. त्याला दहा अंशांच्या आसपास हवा लागते, ना कमी ना जास्त, आणि पुरेसे दिवस लागतात. कुदेल्का राहत होता ती इमारत मात्र अशी की तिथली वाफेची हीटिंग सरकारी धोरणानुसार ऑक्टोबरात सुरू होई आणि मेपर्यंत कोणाच्या बापाचं ऐकत नसे. घरात चोवीस अंश. तळघरातून गरम पाण्याचे नळ गेलेले, तिथे सव्वीस. गच्चीत उणे सहा.

दहा अंश घरात एकाच जागी होते. न्हाणीघरातल्या टबात, नळाच्या गार पाण्यात. कुदेल्काने टब अर्धा भरला, गार काढा आणि यीस्ट भरलेली बादली त्यात उभी केली, आणि झाकणातल्या नळीतून पहिला बुडबुडा 'बुळुक' करून बाहेर आला. निवृत्तीनंतर त्याच्या हातून काहीतरी चालू झालं होतं. आजवर तो फक्त बंद पडलेलं तपासत आला होता.

दोन दिवसांनी राद्मिला बाजारातून आली. नाताळ आठवड्यावर आलेला. चौकात मोठाल्या टाक्या लागल्या होत्या आणि रबरी बूट घातलेले कोळी जाळ्याने कार्प मासे काढून लोकांच्या पिशव्यांत घालत होते. राद्मिलाच्या पिशवीत एक होता, जाडजूड, बोलायला आल्यासारखं तोंड उघडझाक करणारा. नाताळच्या संध्याकाळी कार्प तळायचा आणि तोवर तो जिवंत टबात ठेवायचा, ही रीत ल्होतकात कोणी कोणाला समजावून सांगत नाही.

"बादली उचल," ती म्हणाली.

"माझी लागर आहे ती!"

"आणि हा माझा मासा आहे. मी काय त्याला सोफ्यावर बसवू?"

"टब मोठा आहे. मासा एका बाजूला राहील, बादली एका बाजूला."

"कुठल्या मुलखात बिअर आणि मासा एका टबात ठेवतात रे?"

"ताटाशी ठेवतातच की एकत्र."

राद्मिलाने मासा पाण्यात सोडला. त्याने बादलीला एक प्रदक्षिणा घातली, तळाशी गेला आणि तिथेच राहिला. लागरचं यीस्ट आणि कार्प यांच्या गरजा तंतोतंत सारख्या असतात ही बाब आजवर कोणत्याही ग्रंथात आलेली नाही. दोघांना गार पाणी लागतं. दोघांना शांतता लागते. दोघं तळाशी बसतात. माशासाठी राद्मिला सकाळसंध्याकाळ टबातलं थोडं पाणी काढून ताजं गार पाणी सोडायची, आणि तापमापक दहावर खिळलेला. एकट्या बादलीसाठी तिने हे जन्मात केलं नसतं. खरं तर एकट्या बादलीसाठी तिने आंघोळही सोडली नसती. माशासाठी मात्र कुदेल्का नवरा-बायको निमूटपणे टॉवेल घेऊन व्लास्ताकडे (ती मासा कापूनच आणते) आंघोळीला जाऊ लागली, कारण कार्प असताना टब वापरायचा नसतो, हे सर्वमान्य आहे. थोडक्यात, मासा हा बादलीचा पहारेकरी झाला होता, आणि त्याला त्याची कल्पना नव्हती.

दरम्यान टेबलावरची मंडळी चोरून येऊन जात होती. कुदेल्काचा चाळीस वर्षांचा सोबती हिनेक मारेश टाचणी मागायच्या निमित्ताने आला आणि बादली बघून म्हणाला की झाकण उघडं हवं. दुसरा आला, म्हणाला झाकण घट्ट हवं. तिसऱ्याने साखर घालायला सांगितली. चौथ्याने साखरेचं नाव काढणाऱ्याला गोळी घालायला सांगितलं. आलेल्यांपैकी स्वतः कधी थेंबभर बिअर केलेले किती, याची पाहणी केली असता आकडा पूर्वीप्रमाणेच शून्य निघाला. चव मात्र प्रत्येकाला घेऊन बघायची होती. कुदेल्का न्हाणीघराच्या दारात आडवा उभा राहून म्हणायचा, "आत मासा आहे. तो घाबरतो." मंडळी पाय न वाजवता परत जायची.

तो स्वतः मात्र आत बसायचा. संध्याकाळचे सहा वाजले की पाय सवयीने पेशेककडे वळायचे आणि दारापर्यंत जाऊन परत यायचे. मग तो टबाच्या कडेवर उशी ठेवून बसायचा आणि बुडबुडे ऐकायचा. सवयीने बोलायचाही. प्रथम नुसतं हवेबद्दल. मग सरकारबद्दल. मासा ऐकून घ्यायचा, मधेच तोडायचा नाही, आणि 'माझ्या वेळी असं नव्हतं' म्हणायचा नाही. कार्पला नाव द्यायचं नसतं, हा नियम प्रत्येक चेक आई मुलांना सांगते (नाव दिलं की घास उतरत नाही). म्हणून कुदेल्काने नाव दिलं नाही. तिकडे कोणालाही मानाने बोलावतात तशी नुसती हुद्द्याने हाक मारली: "इंजिनियरसाहेब." आणि अर्थातच "तुम्ही" म्हणून. परिचय नवा होता.

"साहेब, तुम्हाला म्हणून सांगतो," तो एकदा म्हणाला, "ते तिथे माझ्याशिवाय हसत असतील ना, त्याचं मला फार लागतं." हे त्याने राद्मिलालाही सांगितलं नव्हतं.

नाताळची संध्याकाळ आली. बटाट्याचं सॅलड तयार होतं, तेल तापत होतं, आणि बादली अजून 'बुळुक' करत होती. कुदेल्काने तापमापक पाहिला, बुडबुडे ऐकले आणि बोटांवर हिशेब केला. अजून निदान आठवडा. मासा आज गेला तर आजच राद्मिला टब घासणार, गरम पाणी सोडणार, आठवड्याची आंघोळ करणार. बादली चोवीस अंशांत. यीस्ट रागावणार. पेशेक एक घोट घेऊन ग्लास खाली ठेवणार. आणि शेगडीकडून दुसऱ्या खुर्चीवर पुदिना.

राद्मिला लाकडी हातोडा आणि फळी घेऊन न्हाणीघराशी आली. कुदेल्का दारात उभा होता.

"आज नाही," तो म्हणाला.

"आज नाही तर काय ईस्टरला? चोवीस तारीख आहे, ओता. घे हातोडा. दरवर्षी तूच मारतोस."

"त्याच्या डोळ्यांत बघ राद्मिला."

"मासा आहे तो. डोळे दोन बाजूंना आहेत त्याचे."

"एका डोळ्यात बघ."

राद्मिला वाकली. तिने एका डोळ्यात पाहिलं. मग तिने कुदेल्काकडे पाहिलं आणि हातोडा हळूच धुण्याच्या यंत्रावर ठेवला.

"तीस वर्षं तू पटकन मारून मोकळा व्हायचास," ती म्हणाली, "आणि मी दरवर्षी आत जाऊन रेडिओ मोठा करायचे. तुला माहीत होतं का? मला वाटायचं, याला काहीच कसं वाटत नाही."

कुदेल्काला त्या क्षणी फार लाज वाटली. खरं सांगून टाकावं असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. इतक्यात बादलीने 'बुळुक' केलं आणि ते राहून गेलं. त्या रात्री त्यांनी डुकराच्या मांसाचे तळलेले काप खाल्ले, आणि जेवताना राद्मिलाने आपला हात त्याच्या हातावर ठेवला होता.

कुदेल्काच्या भूतदयेची बातमी गावभर झाली. नववर्षाच्या प्रवचनात पाद्रीबाबांनी नाव न घेता "आपल्यातला एक साधा माणूस" असा उल्लेख केला, तेव्हा सगळं चर्च मागे वळून त्याच्याकडे बघू लागलं. शाळेच्या बाईंनी मुलांकडून त्याला चित्रं पाठवली. (एकाही चित्रात बादली नव्हती.) कुदेल्का हे सगळं मान खाली घालून स्वीकारायचा, आणि लोक त्याला विनय म्हणायचे. करुणा ही बहुतांशी तापमानाची बाब असते, असं त्याला एकदा वाटून गेलं. पण बोलून दाखवायला जवळ टेबल नव्हतं.

यथावकाश बुडबुडे थांबले. कुदेल्काने लागर बाटल्यांत भरली आणि गच्चीत घोंगड्यांत गुंडाळून ठेवली. आता तिला गोठण्याच्या जरा वरचा गारठा हवा होता आणि आठवडे हवे होते. लागर या शब्दातच साठवण आहे. ज्याला थांबता येत नाही त्याने दुसरं काहीतरी प्यावं. भरताना ग्लासभर उरली. कच्ची, गढूळ, अजून फेस न धरलेली. ती घेऊन तो टबाशी गेला. वयाने मोठ्याने पेल्यावर पेला लावून 'तुम्ही' सोडावं आणि 'तू' म्हणावं, अशी तिकडची रीत. दोघांत वयाने मोठा कोण याचा कुदेल्काने क्षणभर विचार केला, आणि पुढाकार आपणच घेतला. ग्लास टबाच्या कडेला टेकवला.

"मी ओताकार," तो म्हणाला. "आता आपल्यात साहेब वगैरे नको."

टबात बादली नव्हती. तांत्रिकदृष्ट्या आता मासा अनावश्यक झाला होता. "याचं आता काय करायचं?" असं राद्मिलाने विचारलं, तेव्हा "पुढच्या खेपेला लागेल" असं तो म्हणाला आणि जाऊन ताजं पाणी सोडलं. ते खोटं होतं. पुढच्या खेपेचा त्याने विचारही केला नव्हता. त्याला संध्याकाळी सहाला कोणीतरी हवं होतं, इतकंच.

मासोपुस्तच्या दुपारी रस्त्यात मुखवट्यांची मिरवणूक ढोल बडवत गेली आणि तिच्या मागोमाग समिती कुदेल्काच्या स्वयंपाकघरात दाखल झाली. पेशेक पुढे, मारेश आणि टेबलावरचे इतर मागे, आणि सर्वांत शेवटी डॉक्टर मुद्रोख. खिशातून चहाची पुडी डोकावत होती. खुर्चीवर बसताना लागेल म्हणून त्यांनी बरोबर उशीही आणली होती.

कुदेल्काने ग्लास गार पाण्याने खंगाळला. लागर ओतली तसा फेस चढला. पांढरा, दाट, ओल्या सायीसारखा. खाली सोनेरी आणि नितळ; पलीकडचं मारेशचं नाक त्यातून स्वच्छ दिसत होतं.

पेशेकने ग्लास उचलला. उजेडाकडे धरला. वास घेतला. फेसावर फुंकर घातली. फेस हलला नाही. मग प्यायला. दुसरा घोट. तिसरा. प्रत्येक घोटाची फेसाची कडी काचेवर एकाखाली एक चिकटून राहिली. पेशेकच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, कारण त्याच्या चेहऱ्यावर कधीच काही दिसत नाही. शेवटचा घोट गेला. रिकामा ग्लास त्याने टेबलावर ठेवला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

"पिता येते," तो म्हणाला. आणि बोटाने ग्लास कुदेल्काकडे सरकवला.

मारेशने कुदेल्काच्या पाठीत असा धपाटा घातला की बाटली पडता पडता वाचली. डॉक्टर मुद्रोख यांनी उशी मुकाट्याने काखेत मारली. "जरा माशाचं पाणी बघून येतो," म्हणून कुदेल्का न्हाणीघरात गेला, दार लावलं आणि टबाच्या कडेवर बसून चांगला रडला. बाहेर मंडळींनी बाटल्या संपवल्या. प्रत्येकाने बारीकसारीक प्रश्न विचारले. बादली केवढी? मासा केवढा? पाणी किती वेळा बदलायचं? राद्मिला सांगत होती आणि सगळे एरवी न दिसणाऱ्या गांभीर्याने ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी सहाला कुदेल्का पेशेककडे गेला. दाढी केली होती. इस्त्रीचा सदरा होता. शेगडी पेटलेली होती, आणि शेगडीकडून दुसरी खुर्ची पुसून ठेवलेली होती. तो बसला. पाठीला ऊब लागली. पेशेकने न विचारता ग्लास आणून ठेवला.

टेबलावर दुसरं कोणी नव्हतं.

"मारेश?" कुदेल्काने विचारलं.

"घरी आहे. सकाळी तळ्यावरून कार्प आणला त्याने. सातूही भिजत घातलेत म्हणे."

"फेब्रुवारीत कार्प?"

"सगळ्यांनीच आणले. तळेवाला खूश आहे. कुदेल्काला जमलं तर आपल्याला न जमायला काय झालं, म्हणतात." पेशेकने फडक्याने कोरडंच टेबल पुसलं. "मुद्रोखनेही आणलाय. पिणार नाही म्हणाला. नुसता वास घेईन."

कुदेल्काने घोट घेतला. भिंतीवरचं घड्याळ बघितलं. डावीकडे वळून सरकारबद्दल काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

"आज बिअर चांगली आहे, द्राहोश," तो शेवटी म्हणाला.

पेशेक दचकला. "तब्येत बरी आहे ना तुझी?"

ल्होतकात सध्या कुदेल्काचा टब सोडून सत्तावीस टबांत मासे आहेत. आंघोळीची सोय कुठेच नाही, कारण ज्यांच्याकडे जायचं त्यांच्याही टबात मासा आहे. सत्तावीस घरांत सहा वाजता सत्तावीस माणसं टबाच्या कडेवर बसून बोलतात, आणि पेशेक नळासमोर उभा राहून दाराकडे बघतो. शेगडीकडून दुसऱ्या खुर्चीवर कुदेल्का रोज बसतो. ती त्याने कमावलेली आहे. एक ग्लास संपवतो आणि लवकर घरी जातो.

इथवर वाचणाऱ्याच्या मनात आता काय चाललं आहे, हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे टब नाही, पण पिंप आहे. कार्प नाही, पण रोहू चालेल का? महाबळेश्वरला मावसभावाचं घर आहे, तिथे डिसेंबरात दहा अंश सहज मिळतील. झाकणाची बादली माळ्यावर आहे, तीही धुऊन झाली तुमची, मनातल्या मनात. तेवढ्यात शेगडीजवळ एकटा बसलेला तो म्हातारा तुम्ही विसरूनही गेलात. वाईट वाटून घेऊ नका. मारेश तर त्याचा चाळीस वर्षांचा सोबती होता.